सल्ला गिळायला शिकवताना: कोल्हापुरातल्या मंडळीत आत्मिक सोबती तयार करण्याचा अनुभव

शब्दापासूनच गाडी अडली. इंग्रजीत ज्याला स्पिरिच्युअल डायरेक्टर म्हणतात त्याला मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, नोटीस बोर्डावर काय लिहायचं? 'आध्यात्मिक मार्गदर्शक' लिहिलं तर माणूस समोर बसतो आणि पहिल्याच मिनिटाला 'सांगा, मी काय करू?' म्हणतो. 'गुरू' म्हटलं तर पाया पडायला वाकतो. 'समुपदेशक' म्हटलं तर शेजारीण विचारते, घरात काही बिनसलंय काय? बराच खल होऊन 'आत्मिक सोबती' ठरलं. काम एवढंच: महिन्यातून एकदा, तासभर, एकानं आपलं देवाबरोबर कसं चाललंय ते सांगायचं आणि दुसऱ्यानं ते असं ऐकायचं की सांगणाऱ्याला स्वतःलाच त्यात देवाची चाहूल लागावी. या दुसऱ्याला तयार करायला आमच्याकडे दोन वर्षं लागतात. त्यातला निम्मा वेळ तोंडाशी आलेला सल्ला गिळायला शिकवण्यात जातो.

इथं ते जरा जास्तच अवघड आहे. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले तेव्हापासून इथल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांची घडण उपदेश, शाळा आणि दवाखाना यांच्या भोवती झाली. संदेश देणं, शब्बाथ शाळा (मुलांचे बायबलचे वर्ग) घेणं, घरोघरी जाऊन मोठ्यानं प्रार्थना करणं हे अंगवळणी पडलेलं. समोरचा बोलत असताना गप्प बसायची सवय मात्र कुणी लावली नाही. त्यातून 'हे सगळं कॅथलिकांचं' ही शंका येतेच. म्हणून ज्याच्या साधनेवर हे सगळं उभं आहे त्या सोळाव्या शतकातल्या कॅथलिक संताचं, लोयोलाच्या इग्नेशियसचं, नाव आम्ही तिसऱ्या महिन्यापर्यंत काढत नाही. सुरुवात शास्त्रापासून, म्हणजे बायबलपासून.

पहिला धडा १ शमुवेल ३. देव लहान शमुवेलाला रात्री हाक मारतो; ती म्हाताऱ्या याजकाची, एलीची, हाक समजून मुलगा तीनदा एलीकडे धावत येतो. एली दोनदा चुकतो, 'मी बोलावलं नाही, जा झोप' म्हणतो. तिसऱ्यांदा त्याच्या ध्यानात येतं. मग तो काय करतो? काय उत्तर द्यायचं ते एका वाक्यात सांगतो आणि पोराला परत त्याच्या जागेवर पाठवतो. स्वतः बरोबर जात नाही. शिकणाऱ्यांना आम्ही विचारतो, तुम्ही एलीच्या जागी असता तर काय केलं असतं? प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: 'शेजारी जाऊन बसलो असतो, देव काय म्हणतोय ऐकायला.' या उत्तरावर एक अख्खा शनिवार जातो. दुसरा धडा लूक २४, अम्माऊसची वाट. सगळं ठाऊक असलेला येशू त्या वाटेनं चाललेल्या दोन शिष्यांना आधी दोन प्रश्न विचारतो आणि त्यांना त्यांची हकिकत पुरी सांगू देतो. शास्त्र उलगडून सांगणं त्यानंतर. तिसरा धडा संकटात सापडलेल्या ईयोबाला भेटायला आलेले त्याचे मित्र. सात दिवस आणि सात रात्री ते मुकाट बसले तोवर सगळं ठीक होतं.

माणसं निवडताना अर्ज मागवायचे नाहीत. पहिल्या तुकडीला मागवले होते; आले ते बहुतेक माईक आवडणारे. आता पाळकसाहेब, स्त्री मंडळाच्या ताई आणि तरुण संघातलं कुणी अशा तिघांना वेगवेगळं विचारतो, 'तुम्हाला काही खुपलं तर मंडळीत कुणापाशी बोलता?' तिन्हीकडे जी नावं सारखी येतात त्यांच्याकडे जायचं. ही माणसं सहसा 'छे छे, मला काय येतंय' म्हणतात. घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल तर त्या माणसाला पुढच्या तुकडीसाठी थांबवतो, कारण दुसऱ्याचं दुःख ऐकताना स्वतःचं उसळून येतं. पंच कमिटीवर बसणारा नको, पगारी सेवक नको. आणि ज्याला स्वतःचा सोबती नाही तो कुणाचा सोबती होऊ शकत नाही, हा नियम कुणासाठीही वाकवत नाही. वर्ग सुरू होण्याआधी निदान सहा महिने त्यानं स्वतः दुसऱ्या कुणापुढे बसून सांगितलेलं असलं पाहिजे. एका तुकडीत नऊ जण. सराव तिघातिघांत होतो म्हणून नऊ. एखादा आला नाही तर उरलेल्या दोघांत पाळी वाटून काम भागतं.

वर्ग दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, दुपारी साडेतीन ते साडेसहा. रविवार नको, रविवारी माणूस उपासनेतून, लग्नातून आणि जेवणावळीतून आलेला असतो. सुरुवात जानेवारीत. जुलै-ऑगस्टमध्ये वर्ग ठेवत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे चाललं की अर्ध्या लोकांचं लक्ष ४३ च्या धोका पातळीवर लागतं आणि ते बरोबरच आहे. त्या दोन महिन्यांत वही आणि आठवड्याला पंधरा मिनिटांचा एक फोन. डिसेंबरात नाताळच्या कॅरल्स सुरू झाल्या की सुट्टी.

पहिलं वर्ष स्वतःच्या प्रार्थनेचं. दुसऱ्याचं ऐकण्याचा एकही सराव नाही. इग्नेशियसनं घरी राहून, कामधंदा सांभाळून साधना करणाऱ्यासाठी रोज दीड तास सांगितलाय. शिरोलीच्या फौंड्रीत पाळी करणाऱ्याला किंवा पहाटे धारा काढणाऱ्या बाईला तो कुठून आणायचा? आम्ही सकाळी अर्धा तास शास्त्रातल्या एका प्रसंगावर आणि रात्री पंधरा मिनिटं दिवसाची उजळणी असं धरतो. उजळणीच्या पायऱ्या पाच: उपकारस्तुती, प्रकाश मागणं, दिवस तासातासानं आठवणं, चुकलं त्याची क्षमा, उद्यासाठी कृपा मागणं. अडचण ठरलेली असते. लोक ती अंथरुणावर पडून करतात आणि दुसऱ्या पायरीला घोरतात. जेवण झाल्यावर, भांडी घासायच्या आधी, बसून करायची असं सांगितल्यापासून ती टिकू लागली. दुसरी अडचण म्हणजे उजळणीचा पापांचा हिशेब होतो. पहिल्या महिन्यात म्हणूनच फक्त पहिल्या तीन पायऱ्या देतो.

शांतता हा वेगळाच विषय. एकत्र गप्प बसायला सांगितलं की चाळीस सेकंदांत कुणीतरी 'हे प्रभू' म्हणून सुस्कारा टाकतं, त्याला दुसरा 'आमेन' म्हणतो आणि तिसऱ्याला कोरस सुचतो. यात खोटं काही नाही, सवयच ती. पहिल्या शनिवारी तीन मिनिटं, पुढे दर वेळी दोन मिनिटं वाढवत वीसेक मिनिटांपर्यंत. भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवायचं, नाहीतर सगळे त्याच्याकडेच बघतात.

इग्नेशियसची साधनेची पुस्तिका १५४८ मध्ये पोपनं मान्य केली. तिच्यातल्या पंधराव्या सूचनेत साधना देणाऱ्यासाठी एक गोष्ट स्पष्ट आहे: त्यानं या किंवा त्या बाजूला झुकू नये, तराजूसारखं मधोमध राहावं आणि निर्माणकर्त्याला त्याच्या माणसाशी थेट व्यवहार करू द्यावा. गुळाच्या अडतीवर वाढलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत कळतं. काट्याला बोट लावलं की वजन खोटं.

तिथूनच पुढचा, आणि आमच्या मते या अभ्यासक्रमातला गाभ्याचा भाग येतो. मनाची एक हालचाल देवाकडे नेते, दुसरी देवापासून ओढते. पहिलीला कॅथलिक पुस्तकांत 'सांत्वन' म्हणतात. पण आपल्याकडे सांत्वनाला जायचं म्हणजे मयताच्या घरी जायचं. पहिल्या तुकडीत हा शब्द वापरला आणि दोन महिने सगळे दुःखाबद्दलच बोलत राहिले. आता आम्ही 'ओलावा' आणि 'कोरड' म्हणतो. हेही शब्द जपून वापरावे लागतात. बरं वाटलं म्हणजे ओलावा नव्हे: भाऊबंदकीचा खटला जिंकल्यावर बरं वाटतंच. आणि रडू आलं म्हणजे कोरड नव्हे. येशूला नाकारून बसलेला पेत्र कोंबडा आरवल्यावर रडला तो ओलाव्यानंच. कसोटी दिशेची. त्या वाटण्यानं माणूस विश्वास, आशा, प्रीती यांच्याकडे सरकला की उलट्या बाजूला? कोरड पडण्याची कारणं इग्नेशियस तीन देतो: आपली हयगय, बक्षीस न मिळता आपण किती टिकतो याची परीक्षा, आणि ओलावा ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावं म्हणून. शिकणारे पहिल्या कारणावरच अडकतात, 'तुमचं प्रार्थनेत काहीतरी कमी पडतंय' म्हणायला मोकळे. म्हणून तिन्ही पाठ करून घेतो. कोरड असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही, हा नियमही पाठ. नोकरी सोडायची, मंडळी बदलायची, लग्न मोडायचं हे विचार बहुतेक कोरडीतच उगवतात.

कोरड आणि आजार यांतला फरक शिकवायला आम्ही एक अख्खा वर्ग आणि एक डॉक्टर देतो. क्रूसाचा योहान या सोळाव्या शतकातल्या कॅथलिक संतानं सांगितलेली एक खूण उपयोगी पडते: प्रार्थनेतली गोडी गेली तरी 'मी देवापासून लांब चाललोय' ही काळजी सुटत नाही. पण झोप उडालीय, जेवण जात नाही, कामाला जावंसं वाटत नाही, असं दोन आठवडे चाललं असेल तर तिथं योहान वाचत बसायचं नाही, डॉक्टरकडे पाठवायचं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर असतो. 'बाहेरची बाधा', 'करणी' हे शब्द आपल्या लोकांच्या तोंडी अजून आहेत. त्यावर प्रार्थना जरूर करावी. पण भूत काढतो म्हणून मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे आणि सोबत्याचं ते कामही नाही.

दुसऱ्या वर्षी सराव. तिघांत एक सांगणारा, एक ऐकणारा, एक पाहणारा. वीस मिनिटं बोलणं, दोन मिनिटं शांतता, दहा मिनिटं पाहणाऱ्याचा अहवाल, मग पाळी बदलायची. पाहणाऱ्याच्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच. ऐकणारा तोंड उघडतो तेव्हा सुरू, मिटतो तेव्हा बंद. वीस मिनिटांत ऐकणाऱ्याची बेरीज चार मिनिटांच्या आत यावी. पहिल्या दिवशी ती नऊ-दहा येते आणि कुणाचाच स्वतःच्या आकड्यावर विश्वास बसत नाही.

वर्गासाठी रचलेला एक प्रसंग असा. सांगणाऱ्या काकू म्हणतात, 'प्रार्थनेला बसलं की डोळ्यापुढं नुसतं घरच येतंय बघा.' नवशिका ऐकणारा लगेच म्हणतो, 'काकू, मार्था आणि मरीया आठवा. मरीयेनं चांगला वाटा निवडला.' (येशू घरी आला तेव्हा मार्था कामात गुंतली, मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली, ती गोष्ट.) काकू 'होय की' म्हणतात आणि संपलं. वचन खरं, वेळ चुकली, झाकण बसलं. तोच प्रसंग पुन्हा करायचा.

'घर येतंय म्हणजे काय दिसतंय, काकू?'

'मोरीतली भांडी. ढीग.'

'मग?'

'मग काय, मला लाज वाटते. देवापुढं बसून भांडी आठवायची.'

इथं ऐकणाऱ्यानं सात-आठ सेकंद काहीच बोलायचं नाही. फार लांब वाटतात.

'पण एकदा... तो पण तिथंच मोरीपाशी उभा आहे की काय, असं वाटून गेलं.'

'तिथं जरा थांबूया काय?'

एवढंच. दुसऱ्या खेपेला ऐकणारा तीन वाक्यं बोलला. पाहणाऱ्यानं नोंदवायचं ते हे: 'वाटून गेलं' हे शब्द काकूंनी घाईघाईत, मान खाली घालून म्हटले आणि ऐकणाऱ्यानं ते निसटू दिले नाहीत. देवाची चाहूल असल्या निसटत्या वाक्यांतच असते. ठळक साक्षींत ती शोधायची गरजच पडत नाही.

चुका ठरलेल्या. वचनाचं झाकण वर आलंच. दुसरी, 'माझंही अगदी असंच झालं होतं' म्हणून स्वतःची हकिकत. तिसरी चौकशी: 'कोणत्या दिराबद्दल बोलताय?' दीर कोणता याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. कळलं तर उलट अडचण. चौथी फार साळसूद दिसते. बोलणं जड झालं की ऐकणारा 'चला, आपण प्रार्थना करू' म्हणतो. बऱ्याच वेळा ती प्रार्थना म्हणजे खोलीतून बाहेर पडायची वाट असते. आमचा नियम असा की शेवटची प्रार्थना सांगणाऱ्यानं करायची किंवा दोघांनी गप्प बसायचं. कठीण जागी विचारायचा प्रश्न एकच शिकवतो: 'हे तुम्ही प्रभूला सांगितलंय का?' तोही एका भेटीत एकदाच, नाहीतर त्याचीही सवय होते.

प्रत्येक सरावानंतर चोवीस तासांच्या आत एक पान लिहायचं, दोन रकान्यांत. डावीकडे संभाषणातली पाच-सहा वाक्यं, उजवीकडे ते ऐकताना आपल्या मनात काय झालं: कंटाळा, राग, कीव, 'आता बोलू का' ही खाज. देखरेख करणाऱ्याला उजवा रकाना वाचून दाखवायचा. डाव्याला तो फारसा हात लावत नाही. वाचून झालं की कागद तिथल्या तिथे फाडायचा. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचा नाही, हे दर वर्गाला सांगावं लागतं.

खरा पेच कागदाचा नाहीच, नात्यांचा आहे. शहरातल्या मोठ्या केंद्रात सांगणारा आणि ऐकणारा खोलीबाहेर एकमेकांना भेटत नाहीत. आमच्याकडे ते रविवारी एकाच बाकावर असतात. नाव गाळून 'एक बाई, नवरा फौंड्रीत, मुलगा बेंगळुरूला' म्हटलं की खोलीतल्या सगळ्यांना घर कळतं. म्हणून देखरेख करणारे आम्ही दुसऱ्या गावचे ठेवले, महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर. जोड्या लावताना पुढच्या माणसांना एकमेकांकडे पाठवत नाही: चुलत-मावस नात्यापर्यंतचे नातेवाईक, एका कमिटीतले, मालक-नोकर, उसनवारी असलेले, आणि एका भिशीतले. भिशीचा नियम अनुभवातून आला. हप्ता थकला की ऐकणाऱ्याच्या कानात आधीचं सगळं वाजू लागतं. सगळ्यात नाजूक सोयरीक. ऐकणाऱ्याच्या पुतण्याचं स्थळ सांगणाऱ्याच्या मुलीसाठी आलं तर काय? ऐकलेलं वापरायचं नाही हे खरं, पण ऐकलेलं विसरता येत नाही. अशा वेळी ऐकणाऱ्यानं स्थळाच्या बोलण्यातून पूर्ण बाजूला व्हायचं, 'मला यात विचारू नका' एवढंच घरी सांगायचं, आणि का ते घरच्यांनाही सांगायचं नाही. बायकोला किंवा नवऱ्याला सुद्धा नाही. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी इथेच थांबावं असं सांगतो. थांबणारे थांबतात आणि त्यात कमीपणा नाही.

गुप्ततेला मर्यादा तीन, आणि त्या पहिल्याच भेटीत, काही सांगायला सुरुवात होण्याआधी सांगायच्या: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका; जिवावर बेतण्याजोगी घरातली मारहाण; आणि लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार. शेवटच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ कळलेल्या प्रत्येकाला पोलिसांना कळवायला लावतं, न कळवणं कलम २१ खाली गुन्हा आहे. 'मंडळीची अब्रू' हे कारण तिथं चालत नाही. भेटीची खोली चर्चच्या आवारात, दाराला काच, आवारात त्या वेळी आणखी कुणीतरी हजर. फी नाही, भेटवस्तू नाही. डबाही नाही, आणि डब्याला नाही म्हणणं कोल्हापुरात सगळ्यात अवघड जातं.

कमिटीला अहवाल हवा असतो. त्यांना वर्षातून एकदा एकच आकडा देतो: किती जण येतात. कोण येतं ते पाळकसाहेबांनाही सांगत नाही आणि त्यांनी ते विचारायचं नाही, हे काम सुरू होण्याआधीच ठरावात लिहून घेतलं. नंतर लिहून घेणं जमलं नसतं.

दोन वर्षं संपली की प्रमाणपत्र देत नाही. व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ केलं की त्याचं पद होतं, आणि पदापुढं कुणी मोरीतली भांडी सांगत नाही. त्यानंतरच्या पहिल्या वर्षी प्रत्येकाकडे तीनच माणसं. देखरेख चालू, स्वतःचा सोबती चालू. तीन भेटी झाल्या की ऐकणाऱ्यानं स्वतःहून विचारायचं, 'पुढं चालू ठेवायचं का?' समोरच्यानं नको म्हटलं तर कारण विचारायचं नाही. पुढच्या रविवारी चर्चच्या पायरीवर भेटल्यावर नेहमीच्याच आवाजात 'जय ख्रिस्त, काकू' म्हणायचं. याचाही सराव शेवटच्या शनिवारी उभं करून घेतो, कारण आवाज बदलतो.